टाकीचं नाक

साहेब, माझ्या दादाचा तुम्ही व्हॉल्व्ह केलात.

लोखंडाचा व्हॉल्व्ह मागवावा लागतो, बसवावा लागतो, आणि बिघडला तर कुणीतरी जाब विचारतं. दादा आयता होता. "करतो साहेब" हे शब्द त्याच्या जिभेवर मुक्कामालाच असायचे. त्याला टाकीच्या डोक्यावर चढवून तुम्ही त्याच्या तोंडावर वाफ सोडायला लावलीत, आणि तो पडला तेव्हा म्हणालात, दारू पिऊन पडला. आडवळणाने बोलणं मला जमत नाही. झालं ते सगळं सांगते. कुठे खोटं वाटलं तर तिथेच अडवा.

तुम्ही मला रोज बघता, पण ओळखत नसाल. पेट्रोल डेपोच्या गेटवर असते ती. आत येणाऱ्यांच्या काडेपेट्या, लायटर, मोबाईल काढून घ्यायचे आणि जाताना परत करायचे, ही माझी नोकरी. ड्रायव्हर चिडवतात, "ताई, आमच्या काड्या घेतेस, आणि ऑफिसात बसून काड्या करणाऱ्यांना बरी सोडतेस!" मी म्हणते, "त्यांच्या काड्या पेटीत मावत नाहीत."

दादा आत डिपवाला होता. म्हणजे टाकीचा जिना चढून वर जायचं, छपरावरचं झाकण उघडायचं, टोकाला वजन लावलेली फीत आत सोडायची आणि तळापासून किती पेट्रोल उभं आहे ते मोजून यायचं. सासर सोडून मी आले तेव्हा दादाने दार उघडलं आणि फक्त एवढंच विचारलं, "जेवलीस का?" तेव्हापासून मी दादा-वहिनींच्याच घरात राहते.

आता टाकीचं सांगते. पेट्रोल बंद टाकीत गप्प बसत नाही. ऊन चढलं की त्याची वाफ होते, वाफ जागा शोधते, जागा पुरेनाशी झाली की पत्र्याला ढकलते. म्हणून छपरावर एक वाकडी नळी असते आणि तिच्यात झडप. जोर वाढला की झडप उचलते, टाकी श्वास सोडते. गार पडलं की बाहेरची हवा आत ओढते. आम्ही त्या नळीला टाकीचं नाक म्हणायचो. ऐन दुपारी खाली उभं राहिलं की वरून फुस्स ऐकू यायचं. रेडिओ म्हणायचा, "म्हातारी घोरायला लागली." रेडिओ म्हणजे आमचा पंपवाला. बंद करायचं बटण नसलेला माणूस.

मग कुंपणापलीकडे तुमच्या अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली. गॅलऱ्या नेमक्या टाकीच्या बाजूला. वास येतो, डोकी दुखतात, मुलं खोकतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. वास येत होता, तक्रारी खोट्या नव्हत्या. आम्ही तर त्याच वासात डबे उघडून जेवत होतो, पण आमच्या नाकांना गॅलरी नव्हती.

तुम्ही यंत्र आणलंत. वाफ नळीतून यंत्रात जाणार, तिथे गार होऊन तिचं पुन्हा पेट्रोल होणार. यंत्राला मी नावं ठेवत नाही. फीत कापली, फोटो निघाले, आम्हालाही चहा मिळाला. टाकीच्या नाकावर लोखंडी चकती ठेवून बोल्ट आवळले, शेजारून नवी नळी काढून यंत्राला जोडली. फक्त यंत्र सुरू झालं नाही. कुठलासा भाग बाहेरून यायचा होता. तो येतच राहिला. नवी नळी यंत्राच्या दारापर्यंत जायची आणि दार बंद. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. टाकीला तोंड एकच होतं, ते दादाच्या हातातलं झाकण.

पहिल्याच कडक दुपारी छपराचा पत्रा डुम्म करून वर उचलला. गेटवर ओळीत लागलेल्या टँकरांतले ड्रायव्हर बसल्या जागी ताठ झाले. तुम्ही व्हरांड्यात आलात. दादा आणि रेडिओ धावत आले. मी हे कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, तिथेच उभी होते.

"साहेब, ती चकती काढू का?" दादा म्हणाला.

"वेड लागलंय का? उद्घाटन झालंय. परत वास सुटला तर वसाहतीतून मला फोन येतील. तू वर जा, झाकण जरा उचल, जोर जाऊ दे. यंत्र चालू होईपर्यंत रोज असंच करायचं. ऊन तापलं की एकदा आणि सुट्टीच्या आधी एकदा."

रेडिओने मधेच तोंड घातलं. "साहेब, तेवढं कागदावर द्याल का?"

"तुझी बदली देतो कागदावर. चालेल?"

रेडिओलाही बटण असतं, ते मला तेव्हा कळलं.

"करतो साहेब," दादा म्हणाला.

आमच्या लोकांनी या कामाला लगेच नाव ठेवलं, ढेकर. "म्हातारीला ढेकर काढून आलो रे," दादा खाली येऊन सांगायचा. पद्धत जुनीच होती. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, झाकणाचा खटका सैल करायचा, तोंड फिरवायचं, फुसफुस ओसरली की मग झाकण पूर्ण उघडायचं. पण त्यात आमचा एक जुना समज मिसळलेला होता. टाकी भरलेली असेल तर जपून राहायचं, टाकी तळाला गेली असेल तर बिनधास्त. "भरल्या पोटी ढेकर येते, उपाशी पोटी कसली?" असं रेडिओ म्हणायचा आणि सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचे. त्यामुळे पेट्रोल तळाला गेलेलं असलं की कुणी थांबायचंच नाही. झाकण सरळ उघडायचं, आणि फीत खोल जाते म्हणून आत वाकून बघायचं. ही आमच्या लोकांची चूक. ती मी झाकत नाही. पण चूक ठाऊक नसणं वेगळं, आणि ठाऊक असून दुसऱ्याला करू देणं वेगळं. त्यावर येतेच.

तर असा दादा सुट्टीच्या आधीची ढेकर काढून घरी यायचा, आणि घरात वहिनी असायची.

वहिनीचा बाप दारुडा होता. लहानपणी तिला गल्लीच्या तोंडाशी आलेल्या पावलांवरून कळायचं की आज ताट फेकलं जाणार की नाही. तिने दादाला लग्नाआधी ना घर विचारलं ना पगार. एवढंच विचारलं, "घेता का?" दादा म्हणाला, "नाही. आणि घेणारही नाही." त्या शब्दावर ती या घरात आली. दादाने तो पाळला, लोकांच्या लग्नातसुद्धा पाळला, टवाळी सोसून पाळला.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वहिनी कणीक मळत होती. बाहेर पावलं वाजली आणि तिचे हात परातीत थांबले. मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा लहान मुलीचा झाला.

दादा दारात आला. चपला काढताना भिंत धरली आणि हसायला लागला.

"हसायला काय झालं?" वहिनीने विचारलं.

"अगं, बघ ना. दोन्ही डाव्याच घालून गेलो होतो वाटतं."

चपला नीट होत्या. एक डावी, एक उजवी.

"तोंड इकडे करा."

"अगं, काय हे, चिमी बघतेय."

"बघू दे. वास घेऊ द्या मला."

तिने वास घेतला. केसांना पेट्रोल, शर्टाला पेट्रोल, श्वासाला पेट्रोल. ती मागे सरली. "याच्याखाली काय लपलंय, ते मला कसं कळणार?"

"आईशप्पथ, एक थेंब नाही."

"माझे बाबाही आईचीच शपथ घ्यायचे. माझी आजी त्या शपथांनीच मेली."

दादा पुन्हा हसला. त्याला हसायचं नव्हतं, मला दिसत होतं. हसू त्याच्या तोंडातून आपोआप सांडत होतं. तेच वाईट झालं. वहिनी परात घेऊन आत गेली.

पुढे ते रोजचं झालं. संध्याकाळी जीभ जड, पाय सैल, उगाच हसू किंवा उगाच भांडण. सकाळी डोकं धरून बसायचं, पहिला चहा उलटून पडायचा. ज्याने दारुडा पाहिलाय त्याला यात काय कमी वाटेल, तुम्हीच सांगा. वहिनीने ताट वाढून तोंड फिरवायला सुरुवात केली. मग अंथरूण माझ्या खोलीत आणलं.

"खरं सांग," तिने मला विचारलं, "तुमच्या डेपोत कुणी बाटली आणतं का?"

"वहिनी, मी काडी आत जाऊ देत नाही. बाटली जाऊ देईन?"

"आत नाही गं, बाहेर पडल्यावर."

"बाहेर पडल्यावर तो सरळ घरी येतो."

"सरळ कुठे येतात? वाकडेच तर येतात."

बोलून ती रडता रडता हसली. मग नुसतीच रडली.

दादाला स्वतःलाही काही कळत नव्हतं. एका सकाळी खाटेच्या कडेला बसून मला म्हणाला, "चिमे, मला काहीतरी होतंय. संध्याकाळी पाय माझे राहत नाहीत."

"दवाखान्यात जाऊन ये ना."

"गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, जरा कमी घेत जा."

"मग तू सांगितलं नाहीस, मी घेत नाही म्हणून?"

"सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात."

ढेकरीचा आणि याचा काही संबंध असेल, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या. पेट्रोलच्या वासात आमचा जन्म गेला होता. ज्या वासात डबा खाल्ला तो वास माणसाला खाईल असं कुणाला वाटतं?

दादा पडला त्या दिवशी टँकरांनी टाकी जवळजवळ कोरडी केली होती. तळाला वीतभर उरलं असेल. नवा माल यायचा होता. पत्रा इतका तापलेला की कठड्याला हात लावताना रेडिओने फडकं घेतलं होतं. रेडिओ शेजारच्या टाकीवर होता, त्याने सगळं पाहिलं. दादाने खटका काढला आणि लगेच झाकण उघडलं. टाकी उपाशी होती ना! आत वाकला. बराच वेळ वाकून राहिला. रेडिओ ओरडला, "काय रे, म्हातारीचा मुका घेतोस का?" दादा सरळ झाला, हसला, रेडिओला हात केला. मग जिन्याकडे आला आणि पहिल्या पायरीवर पाऊल असं टाकलं, जसं सपाट रस्त्यावर टाकतात. वळणावरच्या लोखंडी कठड्यावर त्याचं डोकं आदळलं, तो आवाज गेटपर्यंत आला.

तो वाचला. कुठल्या अवस्थेत वाचला ते पुढे सांगते.

दादा दवाखान्यात बेशुद्ध असतानाच चौकशी बसली. टेबलाच्या मधोमध तुम्ही. दोन बाजूंना दोघे साहेब, आणि टोकाला यंत्र बसवणाऱ्यांचा चष्मेवाला इंजिनियर. वहिनीला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. फार अदबीने बोललात.

"घरी कधी डुलत आलेले पाहिलेत?"

"हो."

"बोलणं जड व्हायचं?"

"हो."

"तुम्हाला काय वाटायचं, बाई?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. दारुड्याच्या घरात खोटं ऐकून ऐकून तिला त्याची शिसारी बसलीय. ती म्हणाली, "वाटायचं, की पितात."

तुम्ही पेन ठेवलंत. तुमचं काम झालं होतं.

मी दाराशी उभी होते. विचारलं, "रक्त तपासलं का?"

"गरज भासली नाही," तुम्ही म्हणालात. "घरच्यांनीच सांगितलंय."

रेडिओने झाकणाचं सांगितलं, तुमच्या तोंडी हुकमाचं सांगितलं. तुम्ही विचारलंत, "असा हुकूम कुठे आहे?" तो म्हणाला, "तुमच्या तोंडात होता साहेब." त्याला बाहेर काढलंत. महिनाअखेरीला त्याची बदली झाली. ती मात्र कागदावर.

चौकशी उठल्यावर चष्मेवाला जिन्यात उभा राहून चष्मा पुसत होता. मी त्याला गाठलं. म्हटलं, "मला एवढंच कळू द्या, टाकी रिकामी होती, मग त्याला झालं काय?"

त्याने वर-खाली बघितलं. हळू बोलला. "रिकामी नव्हती. तळाला थोडं होतं ना? तेवढं पुरतं. बंद टाकीत वाफेचा जोर किती, हे खाली किती पेट्रोल आहे यावर नसतं, ते किती तापलंय यावर असतं. काठोकाठ असो नाहीतर वीतभर, जोर तोच. उलट टाकी भरलेली असली तर वर जागा थोडी, म्हणून वाफ थोडी. तळाला गेली की सगळी टाकी वाफेनेच भरलेली. त्याने झाकण उघडलं तेव्हा ती सगळी त्याच्या तोंडावर आली."

"आणि ते डुलणं?"

"दारू प्यायल्यासारखंच होतं माणसाचं. पाय, जीभ, हसणं, सगळं. मोकळ्या हवेत हळूहळू उतरतं. सकाळी डोकं धरतं. यात नवीन काही नाही, हे छापलेलं आहे. तुमच्या साहेबांना आम्ही चकती बसवतानाच सांगितलं होतं, यंत्र चालू होईपर्यंत नाक उघडं ठेवा."

मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले. "मग आत का नाही बोललात?"

"आत मला जिन्याबद्दल विचारलं. जिना नियमात होता."

"आणि माणूस?"

त्याने चष्मा लावला. "माझं नाव कुठे घेऊ नका."

"मला तुमचं नाव माहीत नाही."

"बरंच आहे ते," तो म्हणाला आणि उतरून गेला.

तुमचा निकाल लागला. दारूच्या अमलाखाली, स्वतःच्या बेपर्वाईमुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती पण झोपलेल्या संन्याशाला. आणि निकाल लागला त्याच आठवड्यात टाकीच्या नाकावरची चकती निघाली. बोल्ट काढताना मी पाहिले. वसाहतीला वास गेला तर जाऊ दे म्हणालात. टाकी पुन्हा घोरायला लागली. दारूनेच पडला होता ना दादा? मग चकती कशाला काढलीत?

आता दादाचं सांगते. तो खाटेवर असतो. डावी बाजू हलत नाही. आमची नावं येतात, लग्न आठवतं, टाकीच्या पायऱ्या आठवतात. पण यंत्राची फीत कापली त्याच्या पुढचं सगळं पुसलं गेलंय. तो उन्हाळा त्याच्याकडे नाही. तो उन्हाळा त्याला लोक आणून देतात. भेटायला येतात, पाय चेपतात आणि जाताना म्हणतात, "आता तरी सोडा हो ती. बायकोकडे बघा." दादा मान हलवतो.

परवा मी त्याची नखं काढत होते. वहिनी तांदूळ निवडत बसली होती. दादा तिच्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "अगं, मी कधीपासून प्यायला लागलो?"

वहिनीच्या हातातलं सूप थांबलं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण मी तुला शब्द दिला होता ना? मोडला. माझ्यावर राग धर, पण सोडून जाऊ नको. आता नाही घेणार."

घेणार कसा? त्याला पाण्याचा पेला धरता येत नाही.

माझ्याने राहवलं नाही. चष्मेवाल्याने सांगितलं ते सगळं मी दोघांसमोर बोलले. आधी वहिनीला दोनदा सांगून झालं होतं, दादासमोर पहिल्यांदाच. वाफ, टाकी, चकती, सगळं.

वहिनी म्हणाली, "मग तो आत का नाही बोलला?"

"घाबरला."

"की तूच जुळवलंस? मी तुला दोष देत नाही गं. तू बहीण आहेस, भावाची बाजू घेणारच." तिने माझा हात घट्ट धरला. "मला खरं मानायचंय. तुझ्या पाया पडते, मला मानायचंय. पण ती पावलं मी ऐकलीत. तसली पावलं मी जन्मभर ओळखते. आणि तिथे जाऊन मी हो म्हणून आले. ते प्यायलेले नव्हते, तर मग मी काय करून आले?"

दादाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघींचीच समजूत काढल्यासारखं म्हणाला, "राहू दे चिमे. एवढे मोठे साहेब लोक. ते खोटं कशाला सांगतील?"

साहेब, ज्याने थेंब चाखला नाही तो माणूस आज स्वतःला दारुडा समजून बायकोची माफी मागतोय. तुमच्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास आहे. माझ्या सांगण्याने तो हटत नाही. रेडिओ दूर फेकला गेला, चष्मेवाल्याला नाव नाही. आता हे तुमच्याच तोंडून यायला हवं, कारण त्या घरात तुमचंच तोंड चालतं.

मला तुमच्याकडून दुसरं काही नको. आमच्या घरी या. खाटेजवळ स्टूल ठेवते, त्यावर बसा. वहिनीला समोर बसवते. आणि दोघांच्या डोळ्यांत बघून सांगा: त्या दिवशी माझा भाऊ दारू प्यायला होता का? हो म्हणणार असाल तर कशावरून, तेही सांगा. नाही म्हणणार असाल तर एवढं मोठ्याने म्हणा, की त्याला ऐकू जाईल.

हो की नाही, साहेब?